मिरचीचे हात

मिरची हाताला लगेच लागत नाही. हे सगळ्यात आधी सांगते, कारण याच एका गोष्टीने भल्याभल्या बायकांना फसवलं आहे. विळीवर बोट कापलं तर रक्त दिसतं. चुलीचा चटका बसला तर हात आपोआप मागे येतो. मिरचीचं तसं नाही. देठ काढा, बिया झटका, काहीच वाटत नाही. बाई म्हणते, "इश्श, मला कुठे काय होतंय!" आणि अर्ध्या तासाने तळहात असे पेटतात की पाण्याच्या घंगाळातून बाहेर काढवत नाहीत.

मी नायगावची. लग्न झाल्यापासून केसांत रुपेरी बटा येईपर्यंत मी घरोघर जाऊन मसाला कुटला. होळी झाली की आमचा हंगाम सुरू, आणि मृगाच्या आत बंद. एरवी आम्ही मिठागरावर नाहीतर भाताच्या शेतात. पण त्या तीन महिन्यांत आमचा रुबाब काही औरच असे! पाचूबंदरची कोळीण असो की उमेळ्याची वाडीवाली, वर्षभर तिच्या कालवणाला चव येणार ती आमच्या मुसळाखालून.

आता गिरणीत मिरची टाकली की दहा मिनिटांत पूड हातात येते, म्हणून सांगावं लागतं. एक लाकडी उखळ, तीन बायका, तीन मुसळं. एकीचं मुसळ खाली, दुसरीचं वाटेत, तिसरीचं वर. ताल चुकला की मुसळावर मुसळ आपटतं, पूड उडते आणि तिघी आंधळ्या होतात. आम्ही गाणी म्हणायचो ती या तालासाठी. लोकांना वाटे, बायका किती आनंदात आहेत. आनंदात होतोच, पण एकीने कडवं गाळलं असतं तर रडारड झाली असती.

मला हे काम शिकवलं नागूबाईने. ती माझी चुलतसासू, टोळीची मुकादम. काटकुळी बाई, पण आवाज असा की मिठागराच्या पलीकडून ऐकू यावा. पहिल्याच दिवशी पाचूबंदरला एका कोळ्याच्या अंगणात मी कुटायला उभी राहिले. सतरा वर्षांची होते. नागूबाईने आधी सगळ्यांच्या हातांना कोपरापर्यंत खोबरेल चोळायला लावलं. नाकावरून ओला पदर घट्ट बांधायला लावला. उखळात मिरची पडली की वर चार थेंब तेल शिंपडायचं, म्हणजे खकाणा उडत नाही, हेही सांगितलं. आणि शेवटी म्हणाली, "तोंडावर माशी बसली तरी हात लावायचा नाय."

माशी नाही बसली. घाम आला. पापणीवर उतरलेला घाम मी मनगटाने पुसला, झालं! डोळ्यात कुणी निखारा ठेवला असं वाटलं. मी किंचाळले आणि दोन्ही हात डोळ्याकडे नेले. ते तिथे पोचायच्या आत नागूबाईने झडप घालून माझी मनगटं पाठीमागे धरली.

"चोलू नको! चोललंस त दुसरा पन जाईल!"

मला तिने तशीच ओढत विहिरीच्या पाथरीवर बसवलं, मान वाकडी केली, आणि कोळणीला सांगितलं, "वत पानी. नाकाच्या बाजूनं वत. थांबू नको." त्या कोळणीने तांब्यामागून तांब्या ओतला. मला वाटलं मी बुडून मरणार. पण हळूहळू डोळा उघडला. मग नागूबाईने माझ्या हातांना तेल लावलं, राखेने खसखसून पुसलं, पुन्हा तेल, पुन्हा राख, आणि मग कुठे साबण.

"डोल्यात पानी, हाताला तेल," ती म्हणाली. "उलटं केलंस त मेलीस."

मिरचीचा तिखटपणा पाण्यात सुटत नाही, तेलात सुटतो, हे पुढे माझ्या मुलाने मला शाळेच्या पुस्तकातून वाचून दाखवलं. मी म्हटलं, नागूबाईला अक्षरओळख नव्हती, पण तिला हे ठाऊक होतं. मुलाला ते फारसं पटलं नाही.

गिऱ्हाइकांत एकेक नमुने असत. वसईत एका ख्रिस्ती कुटुंबातल्या रोझीबाई होत्या. त्यांचा मसाला तपकिरी बाटल्यांतून ठासून भरायचा असे. जिन्नस इतके, की नुसते निवडून भाजायला दोन दिवस लागत. रोझीबाईंना देठ काढायच्या कामात स्वतः बसायची हौस, पण हात जळायला नकोत. एका वर्षी त्यांनी युक्ती काढली. मुलाचे फुटबॉलचे लांब मोजे हातांत चढवले आणि ऐटीत बसल्या.

"बघ अनशे, आहे की नाही डोकं?"

मी मान डोलावली. खरंच, त्यांच्या हातांना काही झालं नाही. संध्याकाळी त्यांनी मोजे झटकले आणि दोरीवर टाकले. दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चमधून आल्यावर मुलगा मोजे चढवून मैदानावर गेला. पुढचं सांगणारे सांगतात, की त्या दिवशी तो पोरगा असा धावला, असा धावला, की त्याच्या संघाने पहिल्या दहा मिनिटांतच गोल केला! मग तो मैदानाच्या मधोमध बसला, बूट फेकले, मोजे फेकले आणि शेजारच्या तळ्यात जाऊन उभा राहिला. रेफरीने शिट्टी मारली तरी बाहेर येईना.

हसायची गोष्ट आहे, पण मिरचीला लागलेलं फडकं वेगळं ठेवायचं, वेगळं धुवायचं, हा नियम वसईत त्या दिवसापासून पक्का झाला.

न हसण्यासारखीही एक गोष्ट सांगते. माझा थोरला तान्हा असताना हंगामाच्या दिवसांत मी त्याला घेऊच शकत नसे. तेल लावा, राख लावा, साबण लावा, तरी नखांच्या कडेला काहीतरी राहतंच. तो हात पसरायचा आणि मी पाठ करायचे. सासू त्याला झोळीत घालून न्यायची. ओलीबाळंतीण कुटायला उभी करायची नाही, असा नागूबाईचा दंडक होता. ती मला धने निवडायला बसवायची. पण घरात नड होती, मुसळाला मजुरी जास्त होती, आणि मी हट्टाने मुसळ धरलं. त्या तीन महिन्यांत पोर सासूचं झालं. ते पुढे दोन वर्षं माझ्याकडे झोपायला आलं नाही.

आता उमेळ्याची गोष्ट. ही सांगायची मी आजवर टाळत आले, कारण तीत चूक माझी आहे.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. नागूबाई थकली होती आणि टोळी माझ्याकडे आली होती. मी, माझी जाऊ हिरा आणि आणखी एक बाई. मी तिशीसुद्धा गाठली नव्हती आणि डोक्यात हवा गेली होती. 'अनशीची टोळी दोन दिवसांचं काम एका दिवसात उरकते' असं बायका म्हणत, आणि ते खरं करून दाखवायला मी जीव टाकत असे.

उमेळ्याला दादांची वाडी होती. केळी, पानवेली, नारळ. दादा म्हणजे घरातले कर्ते, साठीचे गृहस्थ. अतिशय कडक. सोवळ्यात पूजेला बसले की संपेपर्यंत त्यांच्या सावलीला कुणी जात नसे. त्यांची बायको माई मात्र मऊ. त्या वर्षी त्यांची लेक सुशीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगी झाली होती, नऊ दिवसांची. दहा दिवस पुरे होईपर्यंत बाळंतिणीला नि बाळाला शिवायचं नाही, असा दादांचा नियम. नातीचं तोंड त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच पाहिलं होतं.

आमच्या धंद्यात मिरची भाजायची तर आधी वारा बघावा लागतो. वसईच्या बाजूला सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तेव्हा चूल घराच्या पश्चिमेला मांडायची, म्हणजे खाट, मिरचीचा तो झोंबरा धूर, वाडीवरून निघून जाते. उन्हं चढली की वारा फिरतो आणि समुद्राकडून येतो. तेव्हा चूल पूर्वेच्या अंगणात हलवायची. न हलवली तर सगळी खाट घरात.

त्या दिवशी मिरच्या सादळलेल्या निघाल्या. उन्हात पसरून कडकडीत करेपर्यंत दहा वाजले. शहाणपण असतं तर म्हटलं असतं, माई, आज नुसतं वाळवू, भाजू उद्या. पण दुसऱ्या दिवसाचा मी तुळिंजला शब्द दिला होता. आम्ही पश्चिमेलाच चूल पेटवली. बाळंतिणीची खोली त्याच बाजूच्या कोपऱ्यात होती, तिची एक छोटी खिडकी अंगणाकडे.

हिरा कढईशी, मी उखळाशी. दोन घाणे राहिले होते. तेवढ्यात केळीची पानं फडफडली आणि उलटी झाली.

हिराने लगेच मान वर केली. "अनशे, वारा फिरला गं. चूल पलीकडं नेऊ?"

मी पाहिलं होतं. तिच्याआधी पाहिलं होतं.

"दोनच घाने हायत," मी म्हटलं. "उरक."

बोलायला लागला तेवढाच वेळ. हिराने माझ्या घाईपायी कढईत तेल सोडलं ते जरा जास्त तापलं, त्यात मिरच्या पडल्या आणि भपकन जाळ झाला. हिरा झाकणाकडे धावली. पण मागच्या दारात बसून देठ काढणाऱ्या माई घाबरल्या. त्यांनी हाताशी असलेली कळशी उचलली.

"माई, पाणी नको!" मी ओरडले.

कळशी रिकामी झाली होती. जाळ छपरापर्यंत गेला आणि मग काळापिवळा धूर असा उसळला की हिरा मला दिसेना. करपलेल्या मिरचीचा धूर ज्याने घेतला असेल त्यालाच माहीत. श्वास आत जात नाही आणि बाहेरही येत नाही. आणि वाऱ्याने तो सगळा लोट उचलला आणि सरळ त्या खिडकीत घातला.

आतून सुशीलेचा ठसका ऐकू आला. मग बाळाचं रडणं. मी मुसळ टाकलं आणि धावले. दारापर्यंत पोचते न पोचते तोच रडणं थांबलं.

रडणारं पोर श्वास घेतंय हे कळतं. थांबलं की काहीच कळत नाही.

खोलीत अंधार, त्यात धूर. सुशीला भिंतीला धरून दुमडली होती, डोळे मिटलेले, हाताने चाचपत होती, पण भलत्याच बाजूला. बाळ दुपट्यावर. तोंड उघडत होतं, मिटत होतं, आवाज नव्हता. मी वाकले, दोन्ही हात पुढे केले, आणि माझे हात मला दिसले. कोपरापर्यंत लाल. मघापासून उखळातून पूड उपसत होते मी. या हातांनी उचललं असतं तर त्याच्या नाकातोंडाला, डोळ्यांना काय झालं असतं!

मागे हिरा आली, तिचेही तसेच. तिसरी बाई तशीच. माई सकाळपासून देठ काढत होत्या. घरातल्या बाकी यच्चयावत बायकांचे हात मिरचीचे होते, आणि गडीमाणसं वाडीच्या पार टोकाला.

तेवढ्यात देवघरात घंटा वाजली.

मी माजघर ओलांडून देवघराच्या उंबऱ्यापर्यंत गेले. तिथवर मी कधी गेले नव्हते. दादा खोकत खोकतच पूजा करत होते.

"दादा, उठा! पोर गुदमरतंय!"

त्यांनी वळून पाहिलं. "बाईमाणसं कुठे गेली?"

"सगळ्यांचे हात मिरचीचे आहेत. या घरात कोरे हात फक्त तुमचे. उठा म्हणते ना!"

मसाला कुटणारी बाई, दादांना 'उठा म्हणते ना' म्हणाली. ते उठले. पळी खाली पडली, पाणी सांडलं, त्यांनी पाहिलंही नाही.

"उपरणं भिजवा नि नाकावर धरा," मी म्हटलं. त्यांनी पूजेच्या कलशातच उपरणं बुचकळलं. खोलीच्या दारात मात्र क्षणभर अडले.

"मी कधी उचललं नाही गं. स्वतःची पोरंसुद्धा नाही. माझ्या हातून पडेल."

"नाही पडत. एक हात मानेखाली, एक कमरेखाली. चला!"

ते आत गेले आणि बाळाला घेऊन आले, परातीतलं पाणी सांडू नये तसे, हात लांब करून. मी ओरडले, "छातीशी धरा!" त्यांनी धरलं आणि सवयीने पुढच्या दाराकडे वळले.

"तिकडे नको! वारा तिकडेच चाललाय, धूर तुमच्या मागे येईल. न्हाणीच्या दाराने बाहेर, विहिरीवरून वळसा घालून केळीत. वारा समोरून तोंडावर आला पाहिजे!"

मी पुढे, दादा मागे. साठ वर्षांचा माणूस सोवळ्यात धावत होता. चुलीला वळसा घालून आम्ही केळीच्या बागेत शिरलो आणि एकदम स्वच्छ वारा लागला. दादांनी बाळाचं तोंड वाऱ्याकडे केलं. चेहरा जांभळट, ओठ उघडे. दादा माझ्याकडे बघत होते आणि मला काही सुचत नव्हतं. मला येत होतं तेवढं सगळं सांगून झालं होतं.

आणि बाळ शिंकलं.

एवढीशी शिंक! मग दुसरी. मग तिने असा टाहो फोडला की केळीतले बगळे उडाले. मी आयुष्यात बरीच गाणी म्हटली, बरीच ऐकली, पण त्या टाहोसारखं काही ऐकलं नाही. दादा केळीच्या बुंध्याशी, चिखलात, सोवळ्यासकट बसले. विहिरीच्या थंड पाण्याने त्यांनीच तिचं तोंड पुसलं, डोळे पुसले, मी सांगितलं तसं, परत परत.

मी मागे धावले. हिराने तोवर कढईवर परात उपडी घालून वर ओली गोणपाटं टाकली होती, धूर दबला होता. दारामागची काठी मी सुशीलेपुढे धरली, दुसरं टोक तिला धरायला लावलं आणि तिला केळीत आणून सोडली. ती ठसकत ठसकत म्हणत होती, "माझी पोरगी, माझी पोरगी," आणि समोर तिची पोरगी आजोबांच्या मांडीवर हातपाय झाडत होती.

दुपारी वसईहून डॉक्टर आले. छाती साफ आहे म्हणाले, डोळे ठीक आहेत म्हणाले. तोवर दादांनी बाळ फक्त दूध पाजायला सुशीलेकडे दिलं होतं. माई हळूच म्हणाल्या, "अहो, आंघोळ करून घ्या आता. दहा दिवस झाले नाहीत, शिवलात तुम्ही."

"करीन," दादा म्हणाले. "हिला झोपू दे आधी."

मग माई रडायला लागल्या. "माझ्यामुळे झालं. मी मेलीने पाणी ओतलं."

मी ओटीच्या पायरीशी उभी होते. हात स्वच्छ झाले होते, पण आग होत होती. गप्प राहिले असते तर सगळा दोष त्या पाण्यावर गेला असता. कुणी काही विचारत नव्हतं.

"माई, पाणी नंतर," मी म्हटलं. "वारा फिरलेला मी आधी बघितला होता. हिराने सांगितलं सुद्धा. मला उद्या तुळिंजला जायची घाई होती. चूल मी हलवली नाही."

मला वाटलं, संपलं. आता हे घर तुटलं, आणि सांजेपर्यंत गावंच्या गावं तुटतील. दादांनी बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं.

"म्हणजे चूक तुझी," ते म्हणाले.

"होय दादा."

"मग उद्या लवकर ये. अर्धा मसाला राहिलाय."

मी मान हलवली आणि अंगणात आले. हिरा मुसळं बांधून, घालवून दिल्यासारखी उभी होती. तिला सांगितलं तर तिने मुसळांची दोरी सोडून ती परत भिंतीला टेकवली. नायगावच्या वाटेवर आम्ही दोघी हमसाहमशी रडत चाललो होतो. समोरून येणारा प्रत्येक माणूस थांबून विचारी, काय झालं गं बायांनो? आणि आम्ही दोघी एकदमच सांगत होतो, काही नाही हो, मिरची लागली.